हजीऱ्याची भरती मोजायची, तर आधी घड्याळ पक्कं हवं

प्रकाशाहून खाली वाहणारी तापी उकाईच्या धरणात थांबते, तिथून सुटते, सुरत शहर ओलांडते आणि हजीऱ्याजवळ खंभातच्या आखाताला मिळते. या शेवटच्या टप्प्यात नदीचं पाणी एकटं नसतं. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो आणि दोनदा मागे सरतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठा मानला जातो. हजीऱ्यालाही तो काही मीटरचा असतो.

हे पाणी कधी किती चढतं, याच्याशी बऱ्याच जणांचा संबंध येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या घोघा-हजीरा रो-पॅक्स फेरीमुळे रस्त्याचं सुमारे ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून ९० किलोमीटरवर आलं. खत, पोलाद आणि वायूच्या कारखान्यांची जहाजं इथल्या धक्क्यांना लागतात. आणि ऑगस्ट २००६ चा महापूर सुरतेत राहणारी खान्देशी घरं अजून विसरलेली नाहीत. उकाईतून पाणी सुटलेलं असताना समुद्राला भरती असली, की नदीचं पाणी पुढे सरकायला वाट मिळत नाही, ते मागे फुगतं.

आता समजा, आयटीआय किंवा डिप्लोमाला इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्या एखाद्या पोराने ठरवलं, की प्रोजेक्ट म्हणून आपण हे पाणी मोजू. पातळीचा सेन्सर घेतला, एक आर्डुइनो उनो घेतला, वायरी जोडल्या. स्क्रीनवर आकडे धावायला लागले. काम झालं का? इथेच बहुतेक प्रोजेक्ट फसतात. आकडा बरोबर असतो, पण तो नेमका कुठल्या क्षणाचा आहे, हे कोणाला माहीत नसतं. वेळ चुकली, की बरोबर आकडाही खोटं बोलतो.

पाणी सलग, नोंद तुटक

समुद्राचं पाणी सलग चढतं. सात मीटरवरून आठ मीटरवर जाताना ते मधली कुठलीही पातळी गाळत नाही. अशा सलग बदलणाऱ्या राशीला ॲनालॉग म्हणतात. तापमान, दाब, आवाज, मोटारीची थरथर हे सगळं ॲनालॉग.

जुन्या काळी ही नोंदही सलग असायची. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. पाण्यावर तरंगणारा फुगा, त्याला जोडलेली लेखणी आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणारं कागदाचं पिंप, अशा यंत्रात रेघ कुठे तुटत नसे.

मायक्रोकंट्रोलरला सलग काही दिसत नाही. तो डोळा उघडतो, एक आकडा टिपतो आणि डोळा मिटतो. पुन्हा उघडतो, पुन्हा टिपतो. या टिपण्याला सॅम्पलिंग म्हणतात, आणि एका सेकंदात किती वेळा टिपलं त्याला सॅम्पलिंगचा दर. दोन टिपणांच्या मध्ये काय झालं, ते त्याला कळत नाही. म्हणून डोळा कधी उघडायचा, हे आधी ठरवावं लागतं.

रोज सकाळी आठला पाहणारा माणूस

चुकीच्या दराने काय होतं, ते समजायला यंत्रही लागत नाही. समजा, एक माणूस हजीऱ्याच्या किनाऱ्यावर रोज सकाळी बरोबर आठ वाजता येतो, पाणी कुठवर आहे ते वहीत लिहितो आणि निघून जातो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे आज आठला भरती असेल, तर उद्या आठला पाणी अजून चढत असेल, परवा आणखी खाली असेल. आठवडाभराने आठला ओहोटी सापडेल आणि आणखी आठवड्याने पुन्हा भरती.

महिन्याने वही उघडून आलेख काढला, तर त्यात काय दिसेल? पाणी सुमारे पंधरा दिवसांत एकदा चढतं आणि एकदा उतरतं! भरतीचं खरं चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं आहे. वहीतला प्रत्येक आकडा खरा, तरी त्यातून निघालेलं चित्र साफ खोटं. या प्रकाराला एलियासिंग म्हणतात. वेगाने बदलणारी गोष्ट संथ गोष्टीचं सोंग घेऊन येते.

यातली मेख अशी, की वहीकडे पाहून चूक ओळखता येत नाही. आलेख छान गुळगुळीत येतो. एकदा चुकीच्या दराने नमुने घेतले, की नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही, कारण मधली माहिती टिपलेलीच नसते.

कारखान्यातही हेच घडतं. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी चार पोलची मोटार मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिची थरथर सेकंदाला बरोबर एकदाच मोजली, तर प्रत्येक वेळी शाफ्ट त्याच जागी सापडेल आणि मोटार जणू थरथरतच नाही असं वाटेल. बेअरिंग मात्र आतून झिजत असेल.

मग किती वेळा मोजायचं?

याचं उत्तर अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या लोकांनी दिलं. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारयंत्राच्या संदेशांवर काम करताना त्याचा पाया घातला, आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते नेमक्या सिद्धांताच्या रूपात मांडलं. साध्या भाषेत सांगायचं, तर सिग्नलमध्ये सर्वांत वेगाने जे बदलतं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा नमुना घ्यायलाच हवा. मोटारीच्या थरथरीत २०० हर्ट्झपर्यंतचं काही पाहायचं असेल, तर सेकंदाला ४०० पेक्षा जास्त नमुने हवेत. ही कागदावरची किमान अट झाली. प्रत्यक्षात पाचपट ते दहापट दर ठेवला तर काम सुखाने होतं.

भरती तर बारा तासांचं प्रकरण. मग तासाला एकदा मोजलं तरी पुरे, असं वाटेल. पण सेन्सरला फक्त भरती दिसत नाही. लाटा दिसतात, जवळून गेलेल्या बोटीने उठवलेलं पाणी दिसतं, आणि लांब वायरीत शिरलेली विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही दिसते. दुपटीचा नियम या नको असलेल्या पाहुण्यांनाही लागू होतो. आठ सेकंदांना एक लाट धरली, तर दहा मिनिटांत पाऊणशे लाटा येऊन जातात. दहा मिनिटांनी एकदा डोळा उघडणाऱ्या यंत्राला कधी लाटेचा माथा सापडतो, कधी खळगा. आलेखात मग नसलेले चढउतार दिसू लागतात.

लाट दारातच अडवायची

भरती मोजणाऱ्यांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला. पाण्यात एक मोठा उभा पाइप रोवायचा आणि खाली त्याला छोटंसं भोक ठेवायचं. भरतीचं पाणी हळूहळू चढतं, त्यामुळे ते भोकातून निवांत आत येतं. लाट मात्र आठ सेकंदांत येऊन जाते. तेवढ्या वेळात भोकातून पुरेसं पाणी आत शिरतच नाही. बाहेर खळबळ, आत शांत पाणी.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये हेच काम एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर करतात. रेझिस्टर म्हणजे ते भोक, कपॅसिटर म्हणजे तो पाइप. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी घेतली, तर सुमारे १६० हर्ट्झच्या वरचं हळूहळू दबायला लागतं. ती भिंत नाही, उतार आहे, हे ध्यानात ठेवावं. १००० हर्ट्झची गडबड तिच्यातून जाताना साधारण सहाव्या हिश्श्यावर येते, पूर्ण जात नाही. पण ही गाळणी एडीसीच्या आधी बसवावी लागते. पाणी भांड्यात भरल्यावर गाळता येतं, सॅम्पल घेतल्यावर एलियासिंग गाळता येत नाही.

विजेच्या गुणगुणीसाठी एक स्वस्त युक्ती आहे. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. दर मिलिसेकंदाला एक, असे ओळीने २० नमुने घेऊन त्यांची सरासरी काढली, की लाटेचा वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. दर सेकंदाला अशी एक सरासरी घ्यायची आणि साठ सरासऱ्यांचा मिनिटाला एक आकडा करायचा. त्यात पाण्याच्या लाटाही बऱ्याच निवळतात. पण हे गणित तेव्हाच जमतं, जेव्हा नमुन्यांमधलं अंतर खरोखर एक मिलिसेकंद असतं.

मिलिअँपिअरचा आकडा कसा होतो

कारखान्यातले बहुतेक सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट देतात. टाकी रिकामी असेल तर ४, भरली असेल तर २०. सुरुवात शून्यापासून का नाही? वायर तुटली तर करंट शून्य होतो. शून्य आलं की बिघाड, चार आलं की खरोखर रिकामं, हा फरक लगेच कळतो.

हा करंट २५० ओहमच्या रेझिस्टरमधून नेला, की १ ते ५ व्होल्ट मिळतात. सेन्सर बिघडून २० च्या वर गेला तर उनोची पिन धोक्यात येते, म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर लावून वर थोडी जागा सोडलेली बरी. उनोवरची एटीमेगा-३२८पी ही चिप ० ते ५ व्होल्टची १०२४ पायऱ्यांत वाटणी करते. एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. २५० ओहम धरून दहा मीटरपर्यंतच्या सेन्सरला त्यातल्या सुमारे ८२० पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. भरतीसाठी एवढं पुरतं.

डिलेचा घोळ

आता घड्याळाकडे येऊ. सेकंदाला १००० नमुने हवेत, म्हणून नवशिका पोरगा लिहितो: वाच, साठव, एक मिलिसेकंद थांब, पुन्हा वाच. वाचायला बरोबर वाटतं. पण वाचायलाही वेळ लागतो! उनोवर एकदा ॲनालॉग वाचायला साधारण ११० मायक्रोसेकंद जातात. वर साठवणं आणि फेरा मारणं आलं. म्हणजे एक फेरी १ मिलिसेकंदाची न होता समजा १.१२ मिलिसेकंदांची झाली. पोराच्या हिशोबात अजून १ मिलिसेकंदच आहे. परिणाम काय? ५० हर्ट्झची वीज त्याच्या आलेखात ५६ हर्ट्झ दिसते. वीज कंपनी बिचारी निर्दोष, चूक आपल्या घड्याळाची.

एसटीचं उदाहरण घेऊ. समजा नवापूरहून सुरतेला दर तासाला एक गाडी सोडायची आहे. कंट्रोलरने ठरवलं, की आधीची गाडी प्रत्यक्ष सुटली तिथून एक तास मोजायचा. प्रत्येक गाडीला सात मिनिटं उशीर झाला, तर बाराव्या गाडीपर्यंत ८४ मिनिटांचा उशीर साचतो. वेळापत्रकात सहा, सात, आठ असं आधीच लिहिलेलं असेल, तर सातची गाडी सात मिनिटं उशिरा सुटली तरी आठची आठलाच लागते. उशीर साचत नाही.

प्रोग्रॅममध्येही असंच करायचं. डिले काढून टाकायचं, मायक्रोसेकंदांचं चालू घड्याळ पाहत राहायचं आणि पुढच्या नमुन्याची वेळ मागच्या ठरलेल्या वेळेत १००० मिळवून काढायची. ‘आत्ता’च्या वेळेत १००० मिळवायचे नाहीत. एवढ्या एका बदलाने साचणारी चूक जाते. एखादा नमुना थोडा मागेपुढे होतो, पण सरासरी दर पक्का राहतो.

मागेपुढेही नको असेल, तर चिपमधल्या टायमरला कामाला लावायचं. उनोचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. टायमर-१ ला ६४ ने भागायला सांगितलं, की अडीच लाख उरतात. दर २५० ठोक्यांना एक इशारा, म्हणजे सेकंदाला बरोबर १०००. मोजणी शून्यापासून होते, म्हणून रजिस्टरमध्ये २५० न लिहिता २४९ लिहायचे. या एका अंकावर बऱ्याच जणांची संध्याकाळ जाते.

हा इशारा थेट एडीसीलाही देता येतो. मग प्रोग्रॅम दुसऱ्या कामात अडकलेला असला तरी नमुना वेळेवरच घेतला जातो. टायमर-१ चा ‘बी’ कंपेअर त्यासाठी वापरतात. एक काळजी घ्यायची. दर खेपेला त्याचा फ्लॅग पुसायचा, नाहीतर एडीसी पहिला नमुना घेऊन गप्प बसतो.

आकडे तुंबतात कुठे

घड्याळ पक्कं झालं तरी एक नाकं उरतं, ते म्हणजे संगणकाकडे जाणारी वायर. ९६०० बॉडवर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. चार अंकी आकडा आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हं मिळून सहा अक्षरं. म्हणजे सेकंदाला जेमतेम १६० आकडे. टिपायचे १००० आणि पाठवायचे १६०, मग तुंबणारच. पाठवायची जागा भरली, की प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. १,१५,२०० बॉड ठेवलं तर सुमारे १९०० आकडे जातात, मग अडत नाही.

आणखी बरं म्हणजे दोन डबे ठेवायचे. एक भरत असताना दुसरा रिकामा करायचा. इंटरप्टमध्ये फक्त आकडा डब्यात टाकायचा, छापायचं काम बाहेर. उनोत मेमरी २ किलोबाइट आहे आणि एका नमुन्याला दोन बाइट लागतात. डबे त्या अंदाजानेच ठेवायचे.

फुकटची परीक्षा

दर खरोखर १००० आहे का, हे कसं तपासायचं? प्रत्येक नमुन्याला एक डिजिटल पिन उलटी करायची: आधी चालू, मग बंद. फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर त्या पिनवर लावला, तर ५०० हर्ट्झ दिसायला हवेत, कारण दोन नमुन्यांत एक पूर्ण चक्र होतं.

मल्टिमीटरही नसेल, तर ॲनालॉग पिनला हातभर वायर नुसती लटकत ठेवायची. दुसरं टोक कशालाही जोडायचं नाही, प्लगच्या जवळपासही न्यायचं नाही. घरातल्या वायरिंगची गुणगुण ती आपोआप पकडते. आलेखात एका लाटेत २० नमुने मोजले गेले, तर दर ठीक. १८ च्या आसपास आले, तर कुठेतरी डिले लपलेलं आहे.

मिनिटांचा हिशोब मीटरमध्ये

एक शेवटचा घोळ दिवसांच्या मापात दिसतो. उनोवर घड्याळासाठी सिरॅमिक रेझोनेटर असतो. तो अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. मिलिसेकंदात तो कोणाला जाणवत नाही. पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांचा अर्धा टक्का ४३२ सेकंद होतो, म्हणजे सात मिनिटांहून जास्त. दहा दिवसांनी तासाच्या वर.

पाण्याच्या भाषेत याचा अर्थ काय? भरती-ओहोटीत सहा मीटरचा फरक धरला, तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला सुमारे दीड मीटर चढतं, म्हणजे मिनिटाला अडीच सेंटिमीटर. घड्याळ सात मिनिटं चुकलं, तर आलेखातली पातळी १७-१८ सेंटिमीटरने चुकते. सेन्सर कितीही महागडा असो. म्हणून दिवसचे दिवस नोंद ठेवायची असेल, तर डीएस-३२३१ सारखं वेगळं घड्याळ जोडतात. त्याची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास राहते.

पुराच्या दिवशी प्रश्न ‘पाणी किती आहे’ एवढाच नसतो. ते कोणत्या वेगाने चढतंय आणि भरती उतरायला किती वेळ आहे, हे कळावं लागतं. वेग काढायचा तर दोन पातळ्यांच्या फरकाला दोन वेळांच्या फरकाने भागावं लागतं. पातळी सेन्सर देतो, वेळ आपण द्यायची. उकाईच्या खाली नदीकाठी राहणाऱ्या माणसाला त्या भागाकाराचं उत्तर बरोबर हवं असतं.

भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टकं दरवर्षी छापतो. प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांनी आपला आलेख त्या कोष्टकाशेजारी ठेवून पाहावा. उंची थोडी इकडेतिकडे झाली तर सेन्सरची पट्टी सरकवून ती दुरुस्त होते. भरतीची वेळ रोज थोडी थोडी सरकत असेल, तर मात्र सेन्सरला हात लावण्याआधी घड्याळ तपासायचं.